चिपाडाची राख आणि कृत्रिम रबर

कृत्रिम रबर एकट्याने फारसे मजबूत नसते. स्टायरीन आणि ब्युटाडाईन यांपासून बनणारे एसबीआर हे जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रबरांपैकी एक. टायर, चपलांचे तळवे, कन्व्हेयर पट्टे, वाहनांतील बुश अशा असंख्य वस्तू त्यापासून बनतात. पण या रबरात फक्त गंधक आणि त्याची सहायक रसायने घालून ते पक्के केले, तर एक चौरस मिलिमीटर छेदाची त्याची पट्टी दोन-तीन न्यूटन बलाला, म्हणजे पाव किलोच्या आसपास वजनाला, तुटते. त्याच रबरात त्याच्या निम्म्या वजनाइतकी चांगल्या प्रतीची काजळी मिसळली, की ही ताकद २० ते २५ न्यूटनपर्यंत जाते. रबर तेच, गंधक तेच; फरक फक्त बारीक भुकटीचा. या भुकटीला रबर कारखान्यात 'फिलर' म्हणतात. नावावरून ती नुसती भर वाटते, पण कृत्रिम रबराला उपयोगाच्या लायकीचे करते ती हीच.

नैसर्गिक रबराची गोष्ट वेगळी. झाडाच्या चिकापासून बनलेले रबर ताणले, की त्याच्या लांब रेणूसाखळ्या एका दिशेने ओळीने लागतात आणि तात्पुरते स्फटिक तयार होतात. जिथे फाटण्याची वेळ येते तिथेच हे स्फटिक आडवे येतात, म्हणून ते फिलरशिवायही चिवट असते. एसबीआरच्या साखळ्यांची रचना अनियमित असते. त्या कितीही ताणल्या तरी नीट ओळीने लागत नाहीत, स्फटिक बनत नाहीत आणि एकदा चीर पडली की ती अडत नाही. ही उणीव बाहेरून घातलेल्या कणांनी भरून काढावी लागते.

या रबराचा जन्म १९२९चा, जर्मनीतील आय. जी. फार्बेन कंपनीत वाल्टर बॉक आणि एडुआर्ड चुंकुर यांच्या हातचा. त्याला जगभर नेले ते दुसऱ्या महायुद्धाने. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडले, मलायातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. तीन वर्षांत अमेरिकेने कृत्रिम रबराचे उत्पादन जवळजवळ शून्यावरून वर्षाला सात लाख टनांपलीकडे नेले. त्या घाईत लागणाऱ्या ब्युटाडाईनचा मोठा भाग धान्याच्या अल्कोहोलपासून बनवला गेला. भारतातही हाच धागा दिसतो. १९६३मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला सिंथेटिक्स अँड केमिकल्स कंपनीने एसबीआरचा देशातील पहिला कारखाना सुरू केला, तो मळीच्या अल्कोहोलवर. म्हणजे भारतीय कृत्रिम रबराची पहिली पिढी मोठ्या अंशी उसातूनच आली. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली साठणारी राख त्याच रबराच्या कामी आणण्याचा विचार या इतिहासाशी सुसंगत आहे.

फिलर काम कसे करतो, हे आधी पाहावे लागते, कारण टाकाऊ मालाविषयीचे बरेच गैरसमज तिथेच दूर होतात. मऊ पदार्थात कठीण कण मिसळले की तो ताठ होतो. हे गणित आइन्स्टाइनने १९०६मध्ये द्रवांसाठी मांडले आणि यूजीन गुथ व ओटो गोल्ड यांनी १९३८मध्ये ते दाट मिश्रणांपर्यंत वाढवले; पुढे ते रबराला लागू झाले. पण ताठरपणा म्हणजे बळकटी नव्हे. खडूची जाडी भुकटी घातली तर रबर ताठ होते आणि तरीही लवकर फाटते. कणाचा आकार इथे निर्णायक असतो. दहा मायक्रॉनपेक्षा मोठा कण रबरात दोष बनून राहतो आणि चीर तिथूनच सुरू होते. एक ते दहा मायक्रॉनचा कण केवळ जागा भरतो. एक मायक्रॉनच्या खाली थोडी बळकटी येऊ लागते, आणि खरा गुण दिसतो तो ०.१ मायक्रॉनच्या, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या खाली. रबर उद्योगाने 'नॅनो' हा शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधीपासून नॅनोकण वापरले आहेत. टायरमध्ये नित्य वापरल्या जाणाऱ्या काजळीचे मूळ कण २० ते ३० नॅनोमीटरचेच असतात.

आकार घटला की पृष्ठभाग वाढतो. टायरसाठी वापरल्या जाणाऱ्या अवक्षेपित सिलिकाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग १५० चौरस मीटरच्या आसपास असतो. चिमूटभर पांढऱ्या भुकटीत दीड गुंठा जमीन पसरलेली असावी, तसे हे आहे. रबराच्या साखळ्या या पृष्ठभागाला चिकटतात. ताण आला की काही साखळ्या त्यावरून सरकतात, काही सुटतात, बल शेजारच्या साखळ्यांवर वाटले जाते आणि एकाच जागी तुटण्याची वेळ टळते. म्हणून कण बारीक असणे पुरेसे नाही. त्याचा पृष्ठभाग रबराला धरणारा हवा, आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होता कामा नयेत. आकार, पृष्ठभाग आणि विखुरण या तीन कसोट्यांवर कोणतीही राख, कोणतेही टरफल आणि कोणताही भुसा तपासावा लागतो.

काजळी या तिन्हींत उत्तम उतरते. १९०४मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरटाउन येथील रबर कारखान्यात एस. सी. मोट यांनी तिचा हा गुण ओळखला. त्याआधीचे टायर झिंक ऑक्साइडमुळे पांढुरके असत. पण काजळी बनते ती कच्च्या तेलाच्या किंवा डांबराच्या जड अंशांना अपुऱ्या हवेत जाळून. एक टन काजळीसाठी दीड ते दोन टन तेल लागते आणि त्यात मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे काजळीचा मोठा कारखाना आहे. दुसरा मोठा फिलर सिलिका. १९९२मध्ये मिशलॅन कंपनीने सिलिका आणि सिलेन नावाचे जोडद्रव्य वापरून टायर आणला. त्यात रस्त्यावर फिरताना वाया जाणारी ऊर्जा सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकली. भारतात एआयएस-१४२ हे मानक आता टायरच्या याच गुणांवर मर्यादा घालते, त्यामुळे सिलिकाची मागणी इथेही वाढणार हे उघड आहे. मात्र नेहमीची सिलिका बनवण्यासाठी शुद्ध वाळू आणि सोडा ॲश १,३०० ते १,४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवावी लागते. वाळू उपसा आणि भट्टीचे इंधन, दोन्ही महाग पडतात. पैशाने आणि निसर्गानेही.

इथे वनस्पतींचे काम सुरू होते. गवतवर्गीय पिके जमिनीतील पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल मुळांवाटे घेतात आणि पानांच्या, खोडाच्या, टरफलाच्या पेशींत ते सिलिकाच्या रूपात साठवतात. पीक त्यामुळे ताठ उभे राहते आणि किडीला दाद देत नाही. ही सिलिका अस्फटिकी, सच्छिद्र आणि अतिशय सूक्ष्म असते. वाळूतील सिलिका वितळवायला जी उष्णता लागते ती इथे लागत नाही, कारण वनस्पतीने ते काम सूर्याच्या ऊर्जेवर आधीच केलेले असते. भाताचे तूस यात सर्वांत सरस. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस, तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. गुडइयरने गेल्या दशकात तुसाच्या राखेपासून बनवलेली सिलिका टायरमध्ये वापरायला सुरुवात केली, त्यामुळे ही कल्पना प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. महाराष्ट्रात गोंदिया आणि भंडाऱ्याच्या भातगिरण्यांना हा मार्ग सरळ लागू पडतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंडला मात्र भात नाही. तिथे ऊस आहे.

घोड नदी शिरूर तालुक्यातून वाहत जाऊन भीमेला मिळते. तिच्या काठावरच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले आणि साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. त्या लोकांचे मुख्य धान्य बार्ली म्हणजे सातू होते. त्यांच्या वस्तीत कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना भाजणाऱ्या कारागिराचाही माग लागला. आजचे इनामगाव, मांडवगण, न्हावरे आणि नदीपलीकडचा दौंडचा पट्टा हा चिंचणीच्या घोड धरणाच्या आणि भीमेच्या पाण्यावर वाढलेला उसाचा प्रदेश आहे. न्हावऱ्याला रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना, पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आणि दौंड तालुक्यात ठिकठिकाणी गुऱ्हाळे. गवतवर्गातील या पिकाने जमिनीतून उचललेली सिलिका दर हंगामात बॉयलरच्या आणि चुलवणाच्या राखेत जमा होते.

तिचे प्रमाण मोजता येते. रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना धरला, तर उसाच्या २८ टक्के म्हणजे १,४०० टन ओला बगॅस, म्हणजे चिपाड, निघतो. तो जळल्यावर दीड ते तीन टक्के राख उरते, म्हणजे दिवसाला २० ते ४० टन. दीडशे दिवसांच्या हंगामात ही राख ३,००० ते ६,००० टन होते. बगॅस स्वतः टाकाऊ नाही; त्यावर वाफ आणि सहवीजनिर्मिती चालते, कागद बनतो. पाचटही टाकाऊ नाही. त्यात सिलिका भरपूर असली, तरी ते शेतातच कुजवून जमिनीत जिरवणे हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे आणि रबरासाठी ते उचलणे ही जमिनीची लूट ठरेल. खऱ्या अर्थाने टाकाऊ आहे ती राख. आज ती वीटभट्टीला जाते, खड्ड्यात भरली जाते किंवा रस गाळताना उरणाऱ्या चिखलाबरोबर (प्रेसमड) खतात मिसळली जाते.

पण बॉयलरची राख म्हणजे सिलिका नव्हे. उसाच्या मुळाशी चिकटलेली काळी माती गव्हाणीतून थेट बॉयलरपर्यंत पोहोचते. त्या मातीतील क्वार्ट्झ, ॲल्युमिना आणि लोह राखेत उतरते. अर्धवट जळालेला कोळसाही तिच्यात असतो, कधी पाच टक्के, कधी वीस. तिसरी अडचण तापमानाची. अस्फटिकी सिलिका सातशे-आठशे अंशांच्या वर फार वेळ राहिली, की क्रिस्टोबेलाइट या स्फटिकी रूपात जाऊ लागते. स्फटिकी रूप कॉस्टिक सोड्यात सहज विरघळत नाही, रबराला धरत नाही आणि श्वासावाटे फुप्फुसात गेले तर सिलिकोसिस घडवते. म्हणून एकाच कारखान्यातील राखही एकसारखी नसते. भट्टीच्या तळाशी पडणारी ढेकळे निरुपयोगी. धुराबरोबर उडणारी आणि विद्युत अवक्षेपकात कोरडी पकडली जाणारी बारीक राख चांगली. पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुणाऱ्या जुन्या यंत्रणेत तीच राख गाळ होऊन बसते आणि वाळवण्याचा खर्च वाढतो. गुऱ्हाळाच्या चुलवणात तापमान कमी असल्यामुळे तिथली राख एका दृष्टीने सरस ठरू शकते, पण चिपाडाबरोबर प्लास्टिक किंवा जुने टायर जळाले असतील, तर जड धातू आणि विषारी अवशेषांमुळे ती राख हात लावण्याच्याही लायकीची राहत नाही.

राखेतून सिलिका काढण्याची रीत रसायनशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतही सापडेल इतकी साधी आहे. राख आधी सौम्य आम्लाने धुतली की पोटॅशियम, कॅल्शियम आणि लोहाचा बराचसा भाग निघून जातो. मग ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शंभर अंशांच्या आसपास उकळतात. अस्फटिकी सिलिका विरघळून सोडियम सिलिकेट बनते. क्वार्ट्झ आणि कोळसा गाळात राहतात. गाळून घेतलेल्या स्वच्छ द्रावणात हळूहळू सल्फ्युरिक आम्ल सोडले, की सिलिका जेलीसारखी खाली बसते. ती धुऊन, वाळवून, फोडून पांढरी भुकटी मिळते. कणांचा आकार किती, ते सच्छिद्र किती आणि किती घट्ट चिकटलेले, हे आम्ल सोडण्याचा वेग, द्रावणाचे तापमान आणि त्याची आम्लता यांवर ठरते. सारे कसब या टप्प्यात आहे. घाई केली तर घट्ट ढेपा बनतात, ज्या रबरात फुटत नाहीत; संयमाने केले तर १० ते २० नॅनोमीटरच्या कणांची मोकळी साखळी मिळते.

साधेपणाची किंमत सांडपाण्यात मोजावी लागते. नेहमीच्या प्रमाणात एक टन सिलिकामागे सुमारे ४०० किलो कॉस्टिक सोडा आणि ५०० किलो सल्फ्युरिक आम्ल खर्च होते आणि ७०० किलोंच्या वर सोडियम सल्फेट पाण्यात उतरते. दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीच्या परिसराने रासायनिक सांडपाण्याचा त्रास पुरेसा भोगला आहे. टाकाऊ राखेतून चांगला माल काढायचा आणि त्याच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त मीठ भीमेच्या खोऱ्यात सोडायचे, याला पर्यावरणाचे काम म्हणता येणार नाही.

यावर उत्तर आहे आणि ते साखर कारखान्याच्या आवारातच सापडते. आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सोडला तरी सिलिका खाली बसते. द्रावणात मागे उरते ते सोडियम कार्बोनेट. त्यात विझवलेला चुना मिसळला की कॉस्टिक सोडा पुन्हा मिळतो आणि कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होते. कॉस्टिक पुढच्या राखेसाठी वापरायचा, म्हणजे रसायनांचा खर्च आणि सांडपाणी दोन्ही घटतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत भाताच्या तुसाच्या राखेसाठी हीच पद्धत विकसित झाली आहे. साखर कारखान्याला ती अधिकच सोयीची आहे. आसवनीत मळी किंवा रस आंबताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रोज ३० हजार लिटर इथेनॉल काढणाऱ्या आसवनीत तो दिवसाला सुमारे २२ टन असतो. एक टन सिलिका खाली बसवायला रसायनाच्या हिशेबाने पाव टनाहून कमी वायू पुरतो. म्हणजे राखेच्या गरजेपेक्षा वायू कितीतरी जास्त आहे. चुना तर रस निवळण्यासाठी प्रत्येक कारखान्यात येतोच. चुना भाजताना पुन्हा वायू सुटतो हे खरे, तरीही हे चक्र आम्लाच्या मार्गापेक्षा स्वच्छ आहे. शिवाय एक टन सिलिकामागे सुमारे अर्धा टन अवक्षेपित कॅल्शियम कार्बोनेट हाती येते, आणि तेही रबराचेच फिलर आहे.

कॅल्शियम कार्बोनेटचा विषय महाराष्ट्रातील संशोधनाकडे घेऊन जातो. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (आताचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) रासायनिक तंत्रज्ञान विभागातील सत्येंद्र मिश्रा आणि नवीनचंद्र शिंपी यांनी एसबीआरमध्ये नॅनो कॅल्शियम कार्बोनेट घालण्यावर केलेले काम २००५मध्ये प्रसिद्ध झाले. २१, १५ आणि ९ नॅनोमीटर अशा तीन आकारांचे कण त्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या माध्यमात वाढवले आणि बाजारातील जाड्या कॅल्शियम कार्बोनेटशी, तसेच औष्णिक वीजकेंद्राच्या फ्लाय ॲशशी त्यांची तुलना केली. कण जितका बारीक, तितकी ताकद आणि उष्णता सोसण्याची क्षमता जास्त. ज्वाला पसरण्याचा वेगही त्याने कमी झाला. फिलर विखुरण्यासाठी आणि रबर मऊ राखण्यासाठी त्यांनी जवसाचे तेल वापरले, ही बाब आवर्जून नोंदवण्यासारखी आहे. नॅनोकण वाढवणारे माध्यम साधे आणि तेल शेतातले: रबराच्या संशोधनाला नेहमी परदेशी यंत्रसामग्रीच लागते असे नाही, हे त्या कामाने दाखवले.

त्यांचे कॅल्शियम कार्बोनेट रासायनिक क्षारांपासून बनले होते. तेच टाकाऊ मालातून मिळवायचे तर अंड्याचे टरफल हाताशी आहे. त्यात ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. साठ ग्रॅमच्या अंड्यात टरफल सुमारे सहा ग्रॅम, म्हणजे लाख अंड्यांमागे सहाशे किलो. पुणे जिल्ह्यातील अंडी उबवणी केंद्रांतून आणि अंड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांतून ते एकाच जागी मिळू शकते. घराघरांतले टरफल गोळा करण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. वाहतुकीतच त्याची किंमत संपते. टरफलाच्या आतील पापुद्रा काढून ते ओल्या बॉल मिलमध्ये दळता येते, किंवा ९०० अंशांवर भाजून चुना करून, विझवून, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पुन्हा खाली बसवता येते. दुसऱ्या रीतीत आकारावर ताबा राहतो. कणावर स्टिअरिक आम्लाचा लेप दिला की तो रबरात नीट मिसळतो. पण कॅल्शियम कार्बोनेटचा पृष्ठभाग रबराशी सिलिकासारखे रासायनिक नाते जोडत नाही. ते मध्यम प्रतीचे फिलर आहे. चपलेचा तळवा, पायपुसणे, केबलचे आवरण, पाण्याचा पाइप यांसाठी ते चांगले. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरासाठी नाही.

बगॅस न जाळता वापरण्याचे मार्गही आहेत. त्यात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज आणि सुमारे २० टक्के लिग्निन असते. अल्कलीने लिग्निन काढून, विरंजन करून, उरलेल्या तंतूंवर ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लाची ४५ अंशांवर प्रक्रिया केली, की सेल्युलोजचे सुईसारखे नॅनोस्फटिक सुटे होतात: रुंदी काही नॅनोमीटर आणि लांबी शंभर ते तीनशे. त्यांचा ताठरपणा वजनाच्या मानाने पोलादालाही मागे टाकतो. मुंबईच्या माटुंग्यातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सिरकॉट) नॅनोसेल्युलोज बनवणारा प्रायोगिक प्रकल्प उभारला आहे. जपानच्या सुमितोमो रबरने २०१९मध्ये सेल्युलोज नॅनोतंतू घातलेला टायर बाजारात आणला. अडचण एकच, पण मोठी. सेल्युलोजला पाणी प्रिय आणि रबराला अप्रिय. सुया वाळवल्या की घट्ट गुंता होतो आणि पुन्हा सुटत नाही. म्हणून त्या ओल्या असतानाच एसबीआरच्या लॅटेक्समध्ये मिसळून दोन्ही एकत्र गोठवावे लागते. लॅटेक्स मोठ्या रबर प्रकल्पांत असते, साखर कारखान्यात नाही. त्यामुळे हा मार्ग सध्या शिरूर-दौंडच्या आवाक्याबाहेरचा आहे. वनस्पतींच्या कोळशालाही मर्यादा आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यात बर्च आणि पॉलोनिया लाकडाच्या कोळशाने एसबीआरमधील काजळीचा काही भाग बदलण्याचे प्रयोग झाले आहेत. कोळसा एक मायक्रॉनच्या खाली दळला तर तो काजळीला जोडीदार म्हणून चालतो, तिची जागा पूर्णपणे घेत नाही. राखेतून सिलिका काढल्यावर गाळात उरणारा कोळसा या कामी येऊ शकेल, हा त्यातला उपयोगी भाग.

भुकटी तयार झाली तरी खरी परीक्षा रबर कारखान्यात होते. बंद मिक्सरमध्ये रबर, फिलर, तेल आणि रसायने मळली जातात. सिलिकाच्या कणावर हायड्रॉक्सिल गटांचे आवरण असते. त्यामुळे कण एकमेकांना धरून बसतात, रबर घट्ट होते, मिलवर चालत नाही. शिवाय गंधकाची क्रिया वेगवान करणारी रसायने ते शोषून घेतात आणि रबर पक्के होणे लांबते. सिलेन यावरचा उपाय. त्याचे एक टोक सिलिकाला आणि दुसरे रबराला जोडले जाते. पण ही क्रिया १४० ते १५५ अंशांच्या अरुंद पट्ट्यातच नीट होते. त्याखाली ती अपुरी राहते. १६०च्या वर मिश्रण मिक्सरमध्येच पक्के होऊ लागते. क्रियेत इथेनॉल वायुरूपाने सुटते, म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. ज्या लहान कारखान्यात तापमान अंदाजाने सांभाळले जाते, तिथे चांगली सिलिकाही बदनाम होते.

नॅनोकणांचे प्रमाण वाढवत नेले की गुण वाढतच जातात, असेही नाही. एका मर्यादेनंतर कणांचे जाळे बनते. लहानशा हालचालीत ते मोडते, पुन्हा जुळते आणि त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ए. आर. पेन यांनी १९६०च्या दशकात याचा सखोल अभ्यास केला, म्हणून याला पेन परिणाम म्हणतात. शास्त्रीय नियतकालिकांतील अनेक निबंध केवळ ताण-ताकदीचा आकडा देऊन थांबतात. रबर वापरणाऱ्याला झीज किती होते, दाबून ठेवल्यावर वस्तू मूळ आकारात येते का, वारंवार वाकवल्यावर भेगा पडतात का, उष्णतेत महिनाभर ठेवल्यावर काय उरते, हे हवे असते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील इंडियन रबर मटेरियल्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये (पूर्वीची इंडियन रबर मॅन्युफॅक्चरर्स रिसर्च असोसिएशन) या चाचण्यांची सोय आहे. राखेच्या सिलिकाला बाजारात उभे राहायचे असेल तर हे आकडे सोबत हवेत, आणि ते एका नमुन्याचे नव्हे, पूर्ण हंगामातील मालाचे. रबर कारखानदार थोडा कमी गुण खपवून घेतो. दर खेपेला बदलणारा माल खपवून घेत नाही.

कामगारांच्या आरोग्याची बाजूही याच हिशेबात धरली पाहिजे. कोरडी राख उपसणाऱ्या, चाळणाऱ्या माणसाला स्फटिकी सिलिकाची धूळ लागते. सिलिकोसिस बरा होत नाही. ओलसर हाताळणी, बंद पट्टे, धूळ ओढणारी यंत्रणा आणि योग्य मुखपट्टी हा प्रकल्पाचा खर्चच आहे, दानधर्म नाही.

शिरूर-दौंडपुरता निष्कर्ष काढायचा तर तो स्पष्ट आहे. नॅनोसेल्युलोज किंवा टायरच्या दर्जाची सिलिका हे पहिले पाऊल असू नये. आसवनी असलेल्या साखर कारखान्याच्या आवारात कोरड्या उडत्या राखेपासून, कार्बन डायऑक्साइडच्या मार्गाने सिलिका आणि सोबत कॅल्शियम कार्बोनेट काढणारा लहान प्रकल्प हेच व्यवहार्य आहे. त्याचा पहिला माल चपलेच्या तळव्यांना, रबरी चटयांना, पाइपांना आणि रांजणगाव-चाकणच्या वाहन उद्योगाला लागणाऱ्या साध्या रबरी भागांना जावा. त्यात दोन-तीन हंगाम सातत्य दिसले, तर टायर कंपन्यांचे दार ठोठावता येईल. हंगाम पाच महिन्यांचा आणि मागणी बारा महिन्यांची, म्हणून राख कोरडी साठवण्याची शेड प्रकल्पाच्या आधी लागेल. कारखाना एखाद्या वर्षी बंद राहिला तर माल तुटू नये, यासाठी दोन-तीन कारखान्यांनी मिळून हे करणे शहाणपणाचे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे कारखान्यांशी जोडलेले जाळे आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे बहुवारिकांचे दीर्घ ज्ञान. ही दोन्ही ठिकाणे इनामगावपासून दोन-तीन तासांच्या अंतरात आहेत.

सुरुवातीला मोठे भांडवल लागत नाही. तळाची राख आणि उडती राख वेगळी ठेवणे, दर पंधरवड्याला नमुना काढून त्यातील अस्फटिकी सिलिका, कोळसा आणि मातीचा अंश तपासून घेणे, एवढे काम येत्या हंगामात कोणताही कारखाना करू शकतो. ते होण्यासाठी सभासद शेतकऱ्यांनी पुढच्या वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर राखेचाही हिशेब मागावा.